बिनकामाची फटफटी

आषाढी पुनव आली की आमच्या वस्तीत वर्षावास सुरू व्हायचा. दिवस मावळायच्या टायमाला विहारात ग्रंथ वाचायचे, बाया पांढरी लुगडी नेसून पुढं बसायच्या, आम्ही पोरं मागं भिंतीला टेकून पेंगायचो. पण त्याच दिवशी सकाळी आमच्या घरात आणखी एक वर्षावासाला बसायची, ती म्हणजे आबाची फटफटी. आबा म्हणजे माझा बाप. तो म्हणायचा, "भंतेजी पावसात हिंडत न्हाईत, मंग हिनं कावून हिंडावं?" लोक हसायचे. पण त्यात नुसती गंमत नव्हती. आमच्याकडची माती काळी, चिकट. दोन सरी पडल्या की ती चाक आणि मडगार्डाच्या मधी अशी गच्च बसते की चाक फिरायचंच बंद होतं. सायकलवाले त्या दिवसांत सायकल खांद्यावर घेऊन गावात यायचे. फटफटी खांद्यावर कोण घेणार? म्हणून पाऊस संपेस्तोवर तिला घरात बसवायची आणि अश्विन पुनवेला बाहेर काढायची, असा आबानं नेमच करून टाकला होता.

बसवायची म्हणजे नुसती कोपऱ्यात लावायची नाही. आधी तिला विहिरीवर नेऊन धुवायची, उन्हात उभी करून कोरडी करायची, फटी-फटीत अडकलेली माती काडीनं काढायची. टाकीतलं सगळं पेट्रोल नळीनं ओढून बाटलीत घ्यायचं, कारण बसून राहिलेलं पेट्रोल आत गोंदासारखं चिकटतं. मग प्लग काढायचा, त्या भोकातून चमचाभर ऑइल आत सोडायचं आणि किक हातानं दाबायची, हळू, म्हातारीला पाणी पाजल्यागत, म्हणजे ऑइल आतून सगळीकडं लागतं आणि गंज धरत नाही. चैन रॉकेलात भिजवून घासायची, ग्रीस लावून परत चढवायची. सायलेन्सरच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा, न्हायतर उंदीर आत संसार मांडतात. सीटखाली लिंबाचा पाला. आणि शेवटी खालून लाकडी ठोकळे लावून तिला उचलायची, चाकं भुईपासून अधांतरी, म्हणजे टायर एकाच जागी दबत नाहीत. हे सगळं झालं की माय आतून वाकळ आणायची. फटफटीसाठी तिनं वेगळी वाकळ शिवली होती, आपल्याच जुन्या लुगड्यांची, हँडलला दोन कानं असलेली. ती वाकळ अंगावर घालून फटफटी घरात उभी असली की नवं माणूस दचकायचं, कुणी म्हातारं कोपऱ्यात बसलंय असं वाटायचं. आम्ही तिच्या बाजूलाच जेवायचो. बाहेर पाऊस, चुलीत ओल्या काड्यांचा धूर, ताटात येसराची आमटी आणि भाकर, आणि त्या सगळ्यावर रॉकेल-ग्रीसचा वास. तो वास आला की अजून मला भूक लागते. मी सातवी नापास माणूस आहे, मला ह्याच्यापेक्षा नीट सांगता येत नाही.

मध्यंतरी पोरानं आम्हाला सगळ्यांना बीडला नेलं होतं, तर येताना मांजरसुंब्याला ढाब्यावर थांबलो. तिथं आता लेकरांसाठी चार जाड्या चाकांच्या बुटक्या गाड्या ठेवल्यात. मागच्या रानात मुद्दाम चढउतार केलेत, त्यावरून गर गर हिंडवतात. कुठं जायचं नसतं. निघायचं आणि तिथंच यायचं. नात दोन खेपा बसली. पोरगा म्हणाला, "बघा बाबा, कशाचे पैसे घेतेत लोक!" त्याला काय सांगणार, त्याच्या आज्यानं हे लई आधी केलं होतं, आणि त्याचं काय झालं.

आबा रोडरोलर चालवायचा. सरकारी नोकरी. जगात त्याच्याहून हळू चालणारं दुसरं वाहन नसेल. रोलरच्या पुढं शेरडं चालायची आणि पुढंच राहायची. रस्त्यानं जाणारा माणूस आबाला रामराम घालायचा, बाजूनं चालत चालत सुखदुःखाचं सगळं बोलून घ्यायचा आणि पुढं निघून जायचा. अख्खी जिंदगी लोक आपल्या पुढं निघून गेलेले बघायचे, हीच त्याची नोकरी. आणि एवढं करून, रस्ता चांगला झाला की त्याच्यावरून दुसऱ्यांच्या गाड्या पळणार. रस्त्याच्या कामावरच्या एका साहेबाची फटफटी होती, लाल, टाकीवर पिवळा पट्टा. साहेबाची बदली झाली तवा आबानं ती मागितली. साहेबाला वाटलं चेष्टा करतोय. चेष्टा नव्हती. घरी आणली त्या दिवसाचं वस्तीत अजून सांगतात. ह्या माणसाला रोलरचीच चाल अंगवळणी, त्यामुळं त्यानं ती पहिल्या गेरातच आणली, युसूफ वडगावापासून आमच्या गावापर्यंत. मागनं सायकली पुढं गेल्या. पारावर बसलेले श्रीपतराव मोठ्यानं म्हणाले, "किसन्या, बे, फटफटीचाबी रोलर केलास की!" सगळा पार हसला. आबाबी हसला. पण पुढच्याच आयतवारी तो माळावर गेला आणि तिथं एकट्यानंच शिकला. माझ्या देखत पहिल्यांदा त्यानं चौथा गेर टाकला तवा मी मागं बसलो होतो. तो ओरडला. शब्द नव्हता, नुसता आवाज. घरात तर तो कधी मोठ्यानं बोलायचा नाही.

श्रीपतराव आमच्या गावातले जमीनवाले. गावात त्यांच्या शब्दावर चालायचं. गाडी आली त्याच आठवड्यात त्यांनी निरोप धाडला, केजहून बियाणाची पिशवी आणायची आहे, फटफटी घेऊन जा म्हणावं. आबा पारावर गेला, टोपी काढली, आणि म्हणाला, "मालक, ती कामाला जात न्हाई."

"म्हंजी?"

"हौसेची हाय. उगंच हिंडायची. तिच्यावर वझं घालायचं न्हाई असं ठरलंय."

"कुनी ठरवलं?"

"घरात."

श्रीपतरावांनी ते ध्यानात ठेवलं. घरी येऊन आबानं आम्हाला बसवून सांगितलं. आपल्याकडं जी काय चीज हाय, ती समदी कामाची हाय. हात कामाचे, पाय कामाचे, बैल असता तर त्योबी कामाचा. ही एक बिनकामाची ऱ्हाऊ द्या. आज आपलं काम केलं तर उद्या कुनाचंबी करावं लागंल, मंग न्हाई म्हनायला तोंड ऱ्हायचं न्हाई. ते मला पटलं. अजून पटतं. हे लिहिताना कुणी असं समजू नये की मी बापाला नावं ठेवायला बसलोय. त्यानं तो नेम नोकरीलासुद्धा लावला होता. रोलर पाच कोसांवर उभा असला तरी तो पायी जायचा, न्हायतर यष्टीनं. फटफटी फक्त आयतवारी आणि जयंतीला.

घोटाळा दुसरीकडंच झाला, आणि तो कुणाच्या ध्यानात आला नाही.

माय एकदा म्हणाली, "मला वडगावच्या बाजारात सोडा की." आबा म्हणाला, "बाजार म्हंजी काम." मायनं मान हलवली आणि टोपली घेऊन निघाली. एकदा तिचे पाय सुजले होते, दवाखान्यात जायचं होतं. दवाखाना म्हणजे काम. तिच्या भावाकडं बारसं होतं, फडकी-कुंची न्यायची होती. तेबी काम. आबा तिला टाळत नव्हता, आणि तीही रुसत नव्हती. नेम सगळ्यांना सारखा. पण माझ्या मायला आयुष्यात बिनकामाचं जायला एक जागा नव्हती. ती घराबाहेर पाऊल टाकायची तेच कामासाठी, आणि काम म्हटलं की फटफटी नाही. आम्हा बापलेकांना आयतवार होता. तिला कोणता वार होता?

उन्हाळ्यात आयतवारी आम्ही माळाच्या बाजूनं हिंडून यायचो तवा ती कितीदा तरी वाटेत दिसायची. डोक्यावर सरपणाची मोळी, न्हायतर गवताचा भारा. फटफटीचा आवाज आला की ती वाट सोडून बाजूला ढेकळांत उतरायची, आम्हाला जागा द्यायला. मान वळवता यायची नाही, डोक्यावर वझं, म्हणून सगळीच्या सगळी वळून उभी राहायची आणि बघायची. आबा हारन वाजवायचा. आणि मी मागं बसून तिला हात करायचो. मी हात करायचो! तीही हसायची, दोन्ही हात मोळीला धरलेले, नुसत्या तोंडानं. आम्ही उडवलेला फुफाटा तिच्यावर बसायचा. घरी आल्यावर ती पहिल्यांदा फटफटी पुसायची, मग तोंड धुवायची.

आता दुपारी ओट्यावर बसलो की मला दुसरं काही आठवत नाही, तो हातच आठवतो. कोपरापासून वर केलेला, निवडणुकीतल्या उमेदवारासारखा.

मग माझं लगीन झालं आणि गया घरात आली. ती मांजरसुंब्याची. तिचा बाप ढाब्यावर भट्टी सांभाळायचा, त्यामुळं पोरगी ट्रकांच्या आवाजात वाढलेली, कशाला भीत नव्हती, आणि बोलायला फाटकी. मला पहिल्या आठवड्यात म्हणाली, "तुमी जेवताना लई आवाज करता, बिघडल्यालं इंजन हाय का आत?" ती जाऊन आता वरीस होत आलं. घरात मी जेवताना तोच आवाज होतो, आणि कुणी काही म्हणत नाही.

त्या साली वर्षावास बसला, फटफटी ठोकळ्यावर चढली, माय नेहमीसारखी वाकळ दुरुस्त करायला बसली. गया बाजूला बसून सुईत दोरा ओवून देत होती. मी दारात प्लग घासत होतो, म्हणून ऐकू आलं.

"आत्याबाई, हिच्यावर बसल्यावर कसं वाटतंय हो?"

"मला काय म्हाईत बाई."

"बसलाच न्हाईत? एकदाबी?"

"मला कुठं जायचं असतंय तवा काम असतंय. आन ती कामाला जात न्हाई."

गयाचा हात थांबला. तिनं माझ्याकडं बघितलं. मी प्लगकडं बघितलं. मग ती मायला म्हणाली, अगदी साधं, मीठ मागावं तसं, "मंग काम न्हाई म्हना की एकदा."

माय हसली. "येडी का खुळी तू? काम न्हाई असं म्हनलं तर लोक शेण घालतेल तोंडात."

तेवढ्यावर ते थांबलं असं मला वाटलं. पाऊस पडत राहिला. आठवड्यातून एकदा आबा वाकळीखाली हात घालून चाकं फिरवायचा, आणि त्या पावसाळ्यात मी बघितलं की आबा घरी नसला तर माय फिरवायची. एका हातानं परात धरलेली, दुसऱ्या हातानं चाक. फिरतं चाक थांबेपर्यंत बघत उभी राहायची.

अश्विन पुनवेला सकाळी खिरीचं भांडं चुलीवर होतं. आबानं वाकळ काढली. ठोकळे काढले, बोळा काढला, कार्बुरेटर उघडून तोंडानं फुंकला, प्लग बसवला. पहिल्या खेपेला टाकीत थोडंच पेट्रोल घालायचं, आत काही राहिलेलं असलं तर कळावं म्हणून, तसं बाटलीतलं थोडं घातलं. किक मारली. दोनदा नुसती खोकली, तिसऱ्यांदा निळा धूर सोडून सुरू झाली, फट फट फट, आणि वस्तीतली कोंबडी छपरावर गेली. आबा एक चक्कर मारून आला, खूश. "चल दगडू, बस," मला म्हणाला.

माय भांडी घासत होती. ती उठली. हात लुगड्याला पुसले. फटफटीपाशी आली आणि म्हणाली, "मला काम न्हाई."

आबाला कळलंच नाही. "काय?"

"मला आज काम न्हाई म्हनलं."

"बरं. मंग कुठं जायचंय?"

"कुठंच न्हाई."

"मंग?"

"मंग काय? बसवा."

गया दारात उभी होती, ओठ दातात धरून. आबानं एकदा मायकडं बघितलं, एकदा वस्तीकडं. शेजारच्या बाया चूल सोडून बाहेर आल्या होत्या. त्या वेळी नवरा-बायको जोडीनं फटफटीवर, तेही उगंच, म्हणजे पारावरच्या लोकांना वर्षभराचा तमाशा. रोलरवरून हसलेली माणसं आबा विसरला नव्हता. त्याच्या तोंडावर ते सगळं दिसलं, आणि मायलाही दिसलं. तो खाली उतरला. "दगडू, तू घिऊन जा मायला," म्हणाला, आणि पाना उचलून उगंच पुसत बसला.

माय माझ्यामागं बसली, एका अंगानं, माझा सदरा दोन्ही मुठीत गच्च धरून. पदर, निऱ्या, सगळं खोचून घेतलेलं. मी हळू निघालो. बाभळीपर्यंत जाऊन वळू असं मनात होतं. बाभळ आली. मागून आवाज आला, "आनखी फुडं." मग नाल्याचा पूल आला. "आनखी फुडं." पक्का रस्ता लागला, आबाच्याच रोलरनं दाबलेला, आणि मी तिसरा टाकला, मग चौथा. दोन्ही बाजूंना तूर कमरेएवढी, मधून कापूस फुटलेला. माझ्या सदऱ्यातली एक मूठ सुटली. मी आरशात बघितलं तर तिनं तो हात बाहेर काढला होता, वाऱ्यात, पंजा उघडा. काही धरायला नाही, नुसता उघडा. युसूफ वडगाव आलं. बाजाराच्या तोंडाशी ओळखीच्या एका बाईनं बघितलं आणि ओरडून विचारलं, "कुठं निघाला गं, दवाखान्यात का?" तर माय केवढ्यानं ओरडली, "न्हाई! उगंच!"

आणि थोड्याच वेळानं फटफटी बंद पडली. चाचणीपुरतं पेट्रोल होतं, संपलं. एवढं साधं माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. मला लई वाईट वाटलं, पण माय खाली उतरली आणि हसायला लागली. मी हँडल धरलं, ती मागून ढकलायला लागली. उलट्या वाटेनं, उन्हात. मी म्हणालो, "माय, राहू दे, मी ढकलतो." ती म्हणाली, "ह्याला काम म्हनायचं का न्हाई, सांग? काम म्हनलास तर हात काढून घेते." आणि परत हसली. एवढी हसताना मी तिला बघितलं नव्हतं. चैनीचा आवाज, तिच्या पायातल्या जोड्याचा आवाज. मग तिनं मागून विचारलं, चिडून नाही, खरंच विचारायचं म्हणून विचारलं.

"दगडू, हे असं असतंय व्हय रे?"

"कसं?"

"असं. मला वाटायचं, रोलरवानी हादरत असंल. हाडं खिळखिळी होत असत्याल, पन बापुडे हौसेपायी सोसतेत. म्हनून तुमी येऊन गेलाव की मी तेल चोळून द्यायची तुमच्या पाठीला." थोडं थांबून म्हणाली, "एवढं चांगलं हाय, ते कावून सांगितलं न्हाई कुनी?"

खरंच आयतवारी ती आमच्या पाठी चोळायची. आम्ही पालथे पडायचो आणि चोळून घ्यायचो.

घरी आल्यावर खीर गार झाली होती. माय राहिलेली भांडी घासायला बसली. आबानं मला बाजूला घेऊन विचारलं, काय म्हनली? मी सांगितलं. शब्दाला शब्द सांगितलं. आबानं खिरीची वाटी खाली ठेवली. नंतर ती कोंबड्यांनी खाल्ली.

त्याला काय सुचलं ते ऐका. आमच्या माणसांना दुसरं काही सुचतच नाही. दुसऱ्या दिवशी तो लोहाराकडं गेला आणि फटफटीला मागं लोखंडी कॅरेज मारून आणलं, चांगलं रुंद, पोतं बसेल असं. तिसऱ्या दिवशी सकाळी दळणाच्या ज्वारीचं अर्धं पोतं त्यावर आडवं टाकून सुंभानं आवळलं आणि मायला म्हणाला, "आता तू डोक्यावर न्हाई न्यायचं. गिरणी, सरपन, बाजार, समदं हिच्यावर. आजपासून." त्याला वाटलं, फेडलं.

मायनं हातातली परात ठेवली. "कावून घातलं हिला कामाला?"

"तुझ्यासाठीच की गं."

"मी काम मागितलं व्हतं का हिच्याकडं?"

आबा गाडी ढकलत वस्तीच्या बाहेर निघालाच, आणि नेमके श्रीपतराव समोरून येत होते. थांबले. कॅरेजकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं, आणि मिशीत हसले. "लागली का मंग कामाला? बरं झालं. किसन्या, तसाच फुडं केजला जा. आमच्या दोन पिशव्या पडल्यात दुकानात, त्या घिऊन ये."

आबा उभाच राहिला. न्हाई म्हणायला तोंड राहणार नाही असं त्यानंच सांगितलं होतं, आणि राहिलं नाही. तेवढ्यात माय मागून आली, भराभरा, अनवाणी. तिनं सुंभाची गाठ सोडली. गाठ घट्ट होती, दातानं सोडली. पोतं ओढून कॅरेजच्या कडेवर उभं केलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, गुडघा वाकवला आणि पोतं डोक्यावर घेतलं. मी आणि गया धावलो तर तिनं डोळ्यानंच थांबवलं. मग ती सगळीच्या सगळी श्रीपतरावांकडं वळली, कारण मान वळत नव्हती.

"न्हाई मालक," म्हणाली. "ती कामाला जात न्हाई. काम हितं हाय, माझ्या डोक्यावर."

आणि गिरणीच्या वाटेला लागली. आबानं काय करावं? बसून पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. तो रिकामी फटफटी हातानं ढकलत तिच्या मागं मागं चालत गेला, इंजिन बंद, रोलरच्या चालीनं. अख्ख्या गावातून. पारावरची माणसं लई हसली. लोहारानं मारलेलं ते कॅरेज आबानं त्याच दिवशी मला काढायला लावलं. पुढच्या आषाढीला फटफटी परत वर्षावासाला बसली, पुढंही बसत राहिली, नेम मोडला नाही. पण आबाचा चौथ्या गेरातला तो आवाज मी परत ऐकला नाही, आणि माय पुन्हा बसली नाही. आबा दर अश्विन पुनवेला गाडी सुरू करून तिच्याकडं बघत उभा राहायचा. ती म्हणायची, "आज लई काम हाय."

हे झालं त्याच दिवसाची गोष्ट. दिवस कलला होता, माय गिरणीवरून येऊन पडली होती. गया चुलीपुढं भाकरी थापत होती. मी कॅरेजचे नट काढून आत आलो, हाताला ग्रीस, आणि तिच्या बाजूला बसलो. मला वाटलं, आपल्याला आज सगळं कळलं. आपण बापासारखं करणार नाही. ती पीठ मळत होती, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मला न्याल का एकदा?"

मी म्हणालो, "नेतो की. कुठं?"

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडं बघितलं, मी काही बोलतो का म्हणून थोडं थांबली. मला कळलं नाही ती कावून थांबली. मग ती तव्याकडं वळली. भाकर एका बाजूनं करपली होती. ती उलटून टाकत म्हणाली, "दळनाला."